नातू बोटीवर निघतो तेव्हा

बारावीचे निकाल लागले की माझ्या दवाखान्यातील प्रश्नांचे स्वरूप थोडे बदलते. रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून होते, तरी समोर बसलेले आजोबा खुर्चीतून उठत नाहीत. चष्मा पुसत हळूच विचारतात, ‘‘डॉक्टर, आमचा नातू मर्चंट नेव्हीत जायचे म्हणतो आहे. जाऊ द्यावे का?’’ आजींचा प्रश्न निराळा असतो. त्या विचारतात, ‘‘तिथे आजारी पडला तर त्याच्याकडे कोण बघणार?’’

पुण्याला समुद्र नाही. तरी हा प्रश्न पुण्यात वारंवार विचारला जातो, याचे आश्चर्य वाटायला नको. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला, तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीला आणि लोणावळ्याजवळ अशा सागरी शिक्षणाच्या तीन संस्था आपल्या जिल्ह्यातच आहेत. आणि महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतून कित्येक पिढ्या खलाशी बोटीवर जात आल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह उभारलेल्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. अधिकारी घडविण्यासाठी मुंबई बंदरात १९२७ साली ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले. त्यानंतर १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ आले, आणि १९९३ पासून तेच शिक्षण नवी मुंबईत ‘चाणक्य’ या संस्थेत जमिनीवर दिले जाऊ लागले.

तेव्हा ‘जाऊ द्यावे का’ याचे उत्तर मी डॉक्टर म्हणून देत नाही. तो निर्णय मुलाचा आणि त्याच्या आईवडिलांचा. मात्र एक गोष्ट मी प्रत्येक घराला सांगत आलो आहे : पैसे भरण्याआधी मुलाचे शरीर तपासा, आणि मूल निघण्याआधी घराची तयारी तपासा. या दोन्ही बाबतींत घरातील वडीलधाऱ्यांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे.

वाट कशी असते?

व्यापारी जहाजावर मुख्यतः दोन विभाग असतात. डेक विभाग जहाज चालवतो, दिशा आणि माल सांभाळतो. इंजिन विभाग यंत्रे सांभाळतो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय घेतलेल्या मुलांना डेकसाठी एक वर्षाची नॉटिकल सायन्सची पदविका किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. करता येते. इंजिनसाठी मरीन इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी असते. मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्यांसाठी साधारण एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, तर दहावीनंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन खलाशी म्हणूनही जाता येते. गुणांच्या आणि वयाच्या अटी बदलत असतात. त्यासाठी चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच पाहावी, शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव प्रमाण मानू नये.

संस्थेतून बाहेर पडला म्हणजे मुलगा अधिकारी झाला, असे होत नाही. पदविका घेतलेल्या डेक कॅडेटला सुमारे अठरा महिने प्रत्यक्ष समुद्रावर काम करावे लागते. त्यानंतर परीक्षा, आणि मग अधिकाऱ्याचे पहिले प्रमाणपत्र. कॅडेटच्या जागा मर्यादित असल्यामुळे शिक्षण संपल्यावर बोट मिळण्यास वेळ लागू शकतो. संस्था निवडताना ‘इमारत कशी आहे’ यापेक्षा ‘गेल्या वर्षीच्या किती मुलांना बोट मिळाली आणि कोणत्या कंपनीची’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

नातीच्या बाबतीतही हेच सारे लागू आहे. कोलकात्याच्या सागरी अभियांत्रिकी संस्थेतून शिकलेल्या सोनाली बॅनर्जी भारतातील पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या. राधिका मेनन या तेलवाहू जहाजाच्या कॅप्टनने जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांचे प्राण वाचवले, आणि त्यासाठी त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला.

आधी डोळे, मग फी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक जुने रुग्ण, बँकेतून निवृत्त झालेले, लेकीच्या मुलाला घेऊन आले. मुलगा हुशार, अंगाने काटक, पोहण्यात तरबेज. डेकच्या अभ्यासक्रमाला प्रवेश ठरला होता आणि आजोबांनी मुदत ठेव मोडून पहिला हप्ता भरलाही होता. वैद्यकीय तपासणी ही नुसती औपचारिकता असते, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्या तपासणीत मुलगा नापास झाला. ठिपक्यांच्या रंगीत चित्रांतील आकडे त्याला वाचता आले नाहीत. भरलेल्या रकमेपैकी थोडीच परत मिळाली.

मी तेच ठिपक्यांचे पुस्तक उघडून सहज आजोबांपुढे धरले. ते म्हणाले, ‘‘यात काय वाचायचे? नुसते ठिपकेच तर आहेत!’’ सोबत आलेल्या आजी हसून म्हणाल्या, ‘‘लग्नापासून यांना पिकलेला टोमॅटो ओळखता आलेला नाही. मी समजायचे, मंडईत लक्ष नसते.’’ पण आजोबा हसले नाहीत. नातवाकडे पाहत ते म्हणाले, ‘‘म्हणजे हे माझ्यामुळे?’’

वाचकहो, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल. लाल आणि हिरवा रंग वेगळा न दिसण्याचा जन्मजात दोष बहुतेक वेळा ‘एक्स’ या गुणसूत्रावरून येतो. वडिलांचे एक्स गुणसूत्र मुलाकडे जात नाही, मुलीकडे जाते. त्यामुळे रंगांध पुरुषाच्या मुलांना त्याच्याकडून हा दोष मिळत नाही. मुलींकडे मात्र तो छुपेपणाने जातो. त्या मुलींना स्वतःला बहुधा सर्व रंग नीट दिसतात, पण त्यांच्या प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे आजोबांचा दोष लेकीच्या घरी, नातवात प्रकट होतो, आणि मधल्या पिढीला त्याचा पत्ताही नसतो. यात कुणाचा अपराध नाही. मी त्या आजोबांना म्हटले, ‘‘तुमच्याकडून त्याला गणितही मिळाले आहे, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.’’

हा नियम इतका कडक का, असे वाटेल. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. दूरच्या अंधारात दिसणाऱ्या या दिव्यांवरूनच समोरचे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे आणि आपण वळायचे की नाही, हे पहाऱ्यावरचा अधिकारी ठरवतो. तिथे चूक झाली तर तिची किंमत सगळ्या जहाजाला मोजावी लागते. रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये ‘वरचा दिवा लाल’ असे लक्षात ठेवून निभावता येते. समुद्रात वरचा-खालचा असा आधार नसतो. या दोषावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. रंगीत भिंगांचे चष्मे विकणाऱ्यांच्या जाहिरातींना भुलू नये. या तपासणीत ते चालत नाहीत.

डेकसाठी चष्म्याविना उत्तम दृष्टी लागते. इंजिन विभागात चष्म्याच्या नंबराला थोडी सवलत असते, पण रंगज्ञान तिथेही तपासले जाते. लेसर शस्त्रक्रियेने नंबर घालवण्याचा बेत असेल तर ती करण्याआधीच मान्यताप्राप्त डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एक गोष्ट स्पष्ट करतो : माझ्यासारख्या कुटुंबाच्या डॉक्टरने दिलेले प्रमाणपत्र तिथे चालत नाही. नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी असते. त्यांचीच तपासणी ग्राह्य धरतात. ती फीच्या पहिल्या रुपयाआधी करून घ्या. चार पैसे खर्च होतील, पण मुदत ठेव वाचेल.

लपवलेला आजार समुद्रावर उघडा पडतो

आजींच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. आजच्या मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसे असतात, आणि त्यांत डॉक्टर नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावरच डॉक्टर असणे सक्तीचे आहे. इतरत्र प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी औषधांची पेटी सांभाळतो आणि अडचण आली तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारून उपचार करतो. इटलीत रोम येथील केंद्र तर १९३५ पासून समुद्रावरच्या जहाजांना असा सल्ला विनामूल्य देत आले आहे. व्यवस्था आहे, पण ती व्यवस्था म्हणजे रुग्णालय नव्हे. मोठा महासागर ओलांडताना पुढचे बंदर दहा-पंधरा दिवसांवर असू शकते, आणि हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच येऊ शकते.

म्हणून लहानपणी येऊन गेलेली आकडी, अधूनमधून उठणारा दमा, मूतखडा, कानाचे जुने दुखणे, मनाच्या आजारासाठी घेतलेली औषधे यांतले काहीही तपासणीच्या वेळी लपवू नये. ‘आता बरा आहे, सांगितले तर नापास करतील’ हा विचार घरातील मोठी माणसेच बहुधा मांडतात. मी त्यांना विचारतो, ‘‘नापास झाला तर नोकरी जाईल. मधल्या समुद्रात आकडी आली तर काय जाईल?’’ सर्वच आजारांत नापास करतात असेही नाही. पुष्कळदा अधिक तपासणी होते आणि मार्ग निघतो. घराण्यातील आजारांचा इतिहास आईवडिलांपेक्षा आजी-आजोबांनाच नीट ठाऊक असतो. कमी वयात हृदयविकाराने कोण गेले, मधुमेह कुणाला लवकर लागला, हे एका कागदावर लिहून नातवाच्या हाती द्या.

निघण्यापूर्वीची काही कामे साधी आहेत. दातांच्या डॉक्टरांकडून कीड आणि अक्कलदाढ तपासून घ्यावी. समुद्रात दाढ दुखणे ही हसण्यावारी नेण्याची बाब नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील काही बंदरांसाठी पीतज्वराची लस लागते. ती शासनमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र लसीनंतर दहाव्या दिवसापासून लागू होते आणि पुढे आयुष्यभर चालते. हिवतापाच्या प्रदेशात जाताना प्रतिबंधक गोळ्यांविषयी कंपनीच्या डॉक्टरांना विचारावे. बोट लागणे म्हणजे ओकारी आणि चक्कर. हा त्रास पहिल्या काही दिवसांत बहुतेकांना कमी-अधिक होतो आणि बहुतेकांचा आपोआप ओसरतो. त्यावरून मुलाला ‘तुला जमणार नाही’ असे म्हणू नये.

हातावर पैसे मागणारा

ही बाब वैद्यकीय नाही, पण रक्तदाब वाढवणारी आहे. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी मुलाकडून पैसे घेणे आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार निषिद्ध आहे. हा करार २००६ चा. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. भारतात नावाड्यांची भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. घरातील निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि कागद बारकाईने वाचण्याची सवय असते. हे काम आपण अंगावर घ्या. ‘आज रात्रीपर्यंत दोन लाख रोख द्या, बोट मिळते’ असे कुणी म्हणाले, पर्यटक व्हिसावर परदेशी जायला सांगितले, किंवा करार हाती देण्यास टाळाटाळ केली, तर तेथूनच परत फिरा. करारावर जहाजाचे नाव, कामाची मुदत आणि पगार लिहिलेला असलाच पाहिजे. त्याची एक प्रत घरी ठेवा.

घरी राहणाऱ्यांची तयारी

आता आपल्याविषयी बोलू. कॅडेट बोटीवर चढला की काही महिने तो घरी येणार नाही, हे धरून चालावे. त्याचे दिवस पहाऱ्यांत विभागलेले असतात : चार तास काम, आठ तास मोकळे, आणि मोकळ्या वेळातही इतर कामे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी, असा नियम आहे. तो झोपला असेल तेव्हा आपल्याकडे दुपार असेल. त्यामुळे फोन आला नाही म्हणजे अपघात झाला, असे समजू नये. जहाज बंदरात शिरत असते, सराव चालू असतो, कधी संपर्कच नसतो. माझ्या एका आजींचा रक्तदाब औषधे वाढवूनही उतरेना. चौकशी केली तेव्हा कळले, की नातवाच्या फोनसाठी त्या रात्री दोनपर्यंत जागत असत. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून घेतली, फोन न आल्यास कंपनीच्या कोणत्या क्रमांकावर विचारायचे ते भिंतीवर लिहून ठेवले, आणि गोळ्या पुन्हा पहिल्याइतक्या झाल्या.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरात कुणी आजारी पडले तर त्याला सांगायचे की नाही? बहुतेक घरे लपवतात. ‘उगाच काळजी करेल, येऊ तर शकणार नाही,’ असे म्हणतात. एका घरी आजींचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि मुलाला सांगितले की आजी गावाला गेली आहे. पंधरा दिवसांनी मावसभावाने पाठवलेल्या फोटोत त्याला वॉकर धरलेली आजी दिसली. तो सुट्टीवर आला तेव्हा मला म्हणाला, ‘‘डॉक्टर, त्यानंतर घरून ‘सगळे ठीक आहे’ असा निरोप आला की मला झोप लागत नसे. खरे काय असेल, हाच विचार.’’ इंजिन रूममध्ये अपुऱ्या झोपेने काम करणारा मुलगा स्वतःच्या जिवाला धोका ओढवून घेतो. आपण काळजीपोटी खोटे बोलतो आणि त्याची काळजी कायमची करून ठेवतो.

म्हणून तो निघण्याआधी एका संध्याकाळी सर्वांनी बसून ठरवावे. किरकोळ दुखणी सांगण्याची गरज नाही. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सांगायचेच. मात्र एकाच व्यक्तीने, पूर्ण माहितीसह आणि खरे. प्रकृती गंभीर झाली तर कंपनीला लगेच कळवायचे, कारण पुढच्या बंदरात त्याच्या जागी दुसरा माणूस आणून त्याला उतरवण्याची व्यवस्था कंपनीच करू शकते, आणि तिला वेळ लागतो. आणि सर्वांत अवघड वाक्य आजी-आजोबांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असते : ‘‘माझे काही बरेवाईट झाले आणि तुला येता आले नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस.’’ हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. २०२० मध्ये करोनाकाळात जगभरातील सुमारे चार लाख नावाडी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. घरच्यांचा अखेरचा निरोप घेता न आलेले त्यांत होते. ज्यांच्याशी घरात हे आधी बोलले गेले असेल, त्यांना ते ओझे थोडे हलके झाले असेल.

उरलेली तयारी रोजच्या व्यवहाराची आहे. आपल्या औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा क्रमांक एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक त्याच कागदावर लिहा. आरोग्यविम्याची कागदपत्रे कुठे आहेत हे शेजारच्या किंवा नात्यातल्या दोन माणसांना ठाऊक असू द्या. बँकेतील नामनिर्देशन तपासा. आजवर नातूच आपल्याला दवाखान्यात आणत असेल, तर तो निघण्याआधीच ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवा. महिनाभर रंगीत तालीम होऊ द्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘नंतर बघू’ म्हणून लांबवली असेल तर आता करून घ्या. घरी सर्व ठीक आहे, हे मुलाला खरे म्हणून सांगता यावे, एवढ्यासाठी ही खटपट.

आणि फोनवर ‘जेवलास का’ याच्या जोडीला ‘झोप होते का, कुणाशी बोलतोस का’ हेही विचारा. मूल सतत चिडलेले वाटले, बोलणे तुटक झाले, त्याला कुणाचा त्रास आहे असे जाणवले, तर उपदेश न करता ऐकून घ्या. जहाजावर तक्रार करण्याची रीत ठरलेली असते आणि कंपनीचेही दार ठोठावता येते, याची आठवण द्या. पहिल्या फेरीनंतर ‘हे माझे काम नाही’ असे तो म्हणाला, तरी घराचे दार उघडे आहे हे त्याला माहीत असावे.

ठिपक्यांच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तो आज जहाजांच्या मालवाहतुकीचे काम पाहणाऱ्या एका कचेरीत आहे. बोटी रोज पाहतो, रात्री घरी जेवतो. त्याच्या आजोबांनी मात्र एक काम केले. आपल्या दुसऱ्या लेकीच्या मुलाला, तो नववीत असतानाच, ते माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, ‘‘डॉक्टर, ते ठिपक्यांचे पुस्तक काढा. याला काय व्हायचे आहे ते अजून ठरलेले नाही, पण त्याच्या डोळ्यांनी काय ठरवले आहे ते आधी कळू दे.’’ त्या मुलाने सगळे आकडे घडाघडा वाचले, आणि आजोबांनी त्या दिवशी स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यायचेही विसरून गेले.